नाडीवर चालणारं घड्याळ

प्रेमसिंग नाईकांच्या तांड्यात मुलगा पसंत करायचा म्हणजे त्याचं शिक्षण, शेती, घरदार सगळं बघून झाल्यावर शेवटी त्याच्या मनगटावर एक सोनेरी घड्याळ बांधायचं. घड्याळ चाललं तर सगाईचा गूळ वाटायचा. थांबलं तर पाहुण्यांना पोटभर जेवू घालून वाटेला लावायचं. पांढरकवड्याहून फार लांब नसलेल्या या बंजारा तांड्यात आता घरोघरी मोबाईल आहेत, पोरं शिकली आहेत, एक जण तर पुण्याला कॉम्प्युटरवर बसतो. पण आपल्या सगाईच्या दिवशी त्यानंही मुकाट्यानं बाही वर केली. "मानत नाही मी," तो म्हणाला, "पण चालली तं बरं वाटते."

हे घड्याळ तांड्यात आलं ते एका बोकडाच्या बदल्यात. तेव्हा प्रेमसिंग नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, नव्हते, नाईकाचे चिरंजीव होते आणि हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवत होते. आदिलाबादच्या अलीकडे एका ढाब्यावर त्यांना कुवेतहून सुटीवर आलेला एक माणूस भेटला. त्याच्या घरी दावत होती आणि ऐनवेळी ठरवलेला बोकड पळून गेला होता. प्रेमसिंगच्या ट्रकमध्ये घरी न्यायला घेतलेला एक धष्टपुष्ट बोकड उभा होता. कुवेतवाल्यानं बोकडाकडे पाहिलं, प्रेमसिंगनं कुवेतवाल्याच्या मनगटाकडे पाहिलं, आणि सौदा झाला. घड्याळ पातळ, सोनेरी, मधाच्या रंगाच्या तबकडीचं. "चाबी देना नहीं, हिलाना नहीं," कुवेतवाला म्हणाला. "बस हाथ पे बांधो, चलते रहती." एवढं बोलून तो बोकड घेऊन गेला. सेल हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

प्रेमसिंग वाटभर घड्याळाकडेच बघत आले. गाडी रस्त्यावर राहिली हीच मोठी गोष्ट. चावीच्या घड्याळात सेकंदकाटा सरसर फिरतो. याचा मात्र टपकन उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा टपकन उडी. प्रेमसिंगनी स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पाहिलं, तर तिथेही तेच. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चावी नाही, हलवणं नाही, म्हणजे हे घड्याळ माणसाच्या नाडीवर चालतं! तांड्यात उतरल्या उतरल्या त्यांनी हा शोध जाहीर केला. बापाचं मत बोकड बरा होता असं पडलं. एका शहाण्यानं अडचण काढली, की खुंटीला टांगलं तरी चालतं ते कसं?

"सवय राह्यते तिले थोडी," प्रेमसिंग म्हणाले, आणि विषय मिटला.

दोनेक वर्षांनी शेजारच्या देवसिंगची मुलगी बघायला रामधन नावाचा एक तरणाबांड मुलगा आला. पाहुण्याचा मान म्हणून प्रेमसिंगनी आपलं घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं. गप्पा चालल्या, सुपारी फुटली, आणि कोणाचं तरी लक्ष गेलं तर काटा जागच्या जागी. सगळा तांडा उठून उभा राहिला. देवसिंगनं तिथल्या तिथे नकार दिला. पुढच्या पोळ्याच्या आत बातमी आली, की रामधनची एक बायको आधीच आदिलाबादेत आहे. झालं! त्या दिवसापासून घड्याळाचा शब्द नाईकाच्या शब्दाच्याही वर गेला.

पण त्यात एक भानगड झाली. रामधनच्या हातावर थांबलेलं घड्याळ प्रेमसिंगनी परत आपल्या हातावर बांधलं, तर तिथेही ते चालेना. प्रेमसिंगनी खाट धरली. वैदू आला, जडीबुटी झाली, बोलवून आणलेल्या आत्यानं रडूनही घेतलं. त्यांची बायको गंगी तेव्हा पंचविशीतली, तोंडानं फटकळ आणि पायानं त्याहून चपळ. नवरा दोन वेळा मटण-भाकरी हाणतो आणि मरायलाही टेकतो, हे काही तिला पटेना. बाजाराचं निमित्त करून तिनं घड्याळ पदरात बांधलं आणि पांढरकवड्याच्या घडीवाल्यापुढे ठेवलं. त्यानं मागचं झाकण उघडून चपट्या बटणासारखी एक चकती काढली, दुसरी बसवली, आणि काटा टपकन उडाला.

"याच्यात सेल राह्यते बाई. नाडीगिडी काही नाही," घडीवाला म्हणाला. "आन् काम नसलं का हे बाजूची चावी अशी बाहेर ओढून ठेवत जा. घडी थांबते, सेल वाचते. दाबली का चालू."

गंगीला हसू आवरेना. ते घरापर्यंत येईस्तोवर मात्र जिरलं. खरं सांगितलं असतं तर सेल संपला म्हणून सोयरीक मोडणारा नाईकाचा पोरगा अशी नवऱ्याची कीर्ती आदिलाबादपर्यंत गेली असती. म्हणून तिनं तो झोपेत असताना घड्याळ गुपचूप त्याच्या मनगटावर बांधलं. प्रेमसिंग उठले, घड्याळ बघितलं, आणि त्यांनी भाकरी मागितली. ती अजून मागतात.

तेव्हापासून घड्याळ गंगीच्या ताब्यात गेलं. आरशांचं भरतकाम केलेल्या बटव्यात, चावी ओढून, खुंटीला. सगाई असली की तिनं आतल्या खोलीत ते काढायचं, चावी दाबायची, पितळी ताटलीत ठेवून बाहेर आणायचं. प्रेमसिंगनी बांधायचं आणि "चालते" म्हणायचं. आणि हळूहळू तांड्यातल्या पोरींना कळू लागलं, की गंगीदादीजवळ मन मोकळं करून आलं की घड्याळही पोरीच्या बाजूनं वागतं. कसं, ते कोणी विचारलं नाही. कोणी मोटेवर भेटायची, कोणी सरपण गोळा करताना. मुलगा आवडला नसेल तर नुसती समोर उभी राहून बघायची. गंगीला ती नजर ओळखता यायची. मग ताटली बाहेर यायची ती चावी न दाबताच. असं फार वेळा झालं नाही, पण ज्या वेळी झालं त्या वेळी एक पोर सुखानं झोपली. गंगीला आयुष्यात अभिमान बाळगावा अशी ही एकच गोष्ट होती, आणि तीच नेमकी कोणाला सांगायची सोय नव्हती. तिच्यासारख्या बोलक्या बाईला हे किती जड गेलं असेल!

आता गंगी स्वतः आजी झाली होती, आणि सगाई होती तिच्या नातीची, पुष्पाची.

पुष्पा मारेगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स. सरळ बोलणारी, कमी बोलणारी. घरात जेवढं बोलायचं तेवढं आजी बोलून टाकायची, त्यामुळे बाकीच्यांना ती सवयच राहिली नव्हती. पुष्पाचा बाप नाईकांपुढे आदरानं गप्प बसायचा आणि आईपुढे नाइलाजानं. ही सोयरीक तर गंगीनं स्वतः जमवलेली. मुलगा राजकुमार, म्हणजे राळेगावकडच्या लालीबाईचा नातू. लालीबाई आणि गंगी एकाच तांड्यात वाढलेल्या, एकाच खाटेवर बसून फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे लावायला शिकलेल्या. लग्नं होऊन एक इकडे गेली, एक तिकडे. वर्षातून एकदा पोहरादेवीच्या जत्रेत भेटायच्या, आणि दर वेळी तेच बोलणं, की पुढच्या जन्मी सख्ख्या बहिणी होऊ. पुढच्या जन्माची वाट कशाला बघायची, याच जन्मी विहिणी होऊ, हे गंगीला यंदाच्या जत्रेत सुचलं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. इतकी खूश ती प्रेमसिंग खाटेवरून उठले तेव्हाही झाली नव्हती.

राजकुमारमध्ये काढायला खोट नव्हती. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, निर्व्यसनी, दिसायला बरा. त्याची आई तर म्हणाली होती, "आमच्या घरी सुनेले नोकरीले नाही पाठवत. राणीवानी ठेवतो."

"आयकलं का पुष्पे? राणीवानी!" गंगी त्या रात्रपाळीहून आलेल्या पोरीला म्हणाली होती.

"दादी, एक बोलू का?"

"बोल ना. पण आधी सांग, फेटिया लाल घ्यायचा का हिरवा? लालीले लाल आवडते. लहानपणी तिचा लाल होता, माहा हिरवा, आन् आम्ही बदलून घालत होतो…" आणि पुढे ती गोष्ट दोन्ही फेटिया फाटेपर्यंत चालली.

दुसऱ्यांदा पुष्पा चुलीपाशी येऊन बसली. "दादी, माहं जरा आयकून घे." गंगीनं तिच्या हातात कणकेची परात दिली आणि वरण-बट्टीला किती तूप लागेल याचा हिशेब सुरू केला. तिसऱ्यांदा, गंगी नवा सेल टाकायला पांढरकवड्याला निघाली, तेव्हा पुष्पा फाट्यापर्यंत सोबत आली. वाटेत तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात एसटी आली. "आल्यावर बोलू," गंगी पायरीवरून ओरडली. आल्यावर पाहुण्यांसाठी गाद्या मागायला जायचं होतं.

सगाईच्या सकाळी तांड्यात मांडव पडला. बोकड शिजत होता, पोरं स्पीकरवर गाणी बदलत होती, आणि प्रेमसिंग नवं धोतर, पांढरा फेटा, सगळ्या जामानिम्यासह बाजेवर बसले होते. गंगीनं आतल्या खोलीत बटवा उघडला. घड्याळ पदरानं पुसलं, चावी दाबली. काटा टपकन उडाला, टप, टप, नव्या सेलच्या जोरात. तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन समाधान होईपर्यंत बघितलं आणि ताटलीत ठेवून वर लाल फडकं टाकलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "आल्या व, आल्या!" कोणीतरी बाहेरून हाक दिली.

"पुष्पे, ताटलीवर ध्यान ठेव," असं म्हणत गंगी चप्पल न घालताच धावली. लालीबाई गाडीतून उतरायच्या आधीच गंगीनं तिला खाली ओढलं. दोघी म्हाताऱ्या गळ्यात गळे घालून इतक्या रडल्या, की पाहुण्यांमधल्या एका नव्या सुनेला वाटलं, कोणीतरी गेलंच.

मग चहा झाला, ओळखी झाल्या, पंच मंडळी बसली. पुष्पा दाराशी बायकांमध्ये उभी राहिली. गंगी आत जाऊन ताटली घेऊन आली. प्रेमसिंगनी फडकं बाजूला केलं, सवयीनं आधी आभाळाकडे बघून सेवालाल महाराजांचं नाव घेतलं, आणि घड्याळ राजकुमारच्या मनगटावर बांधलं. गुळाच्या परातीवर हात ठेवून पुष्पाचा बाप तयार बसला होता.

प्रेमसिंगनी डोळे बारीक केले.

त्यांनी मनगट जवळ ओढलं. चष्मा वर केला, खाली केला. स्पीकरवरचं गाणं कोणीतरी बंद केलं.

"थांबून हाय," प्रेमसिंग म्हणाले.

मांडवात एकच कुजबुज झाली. राजकुमारचा चेहरा उतरला. "नाईकबाबा, माही तब्येत ठीक हाय. कंपनीत चेकअप झाला. कागद दाखवू का?"

पुष्पा पुढे आली. तिनं त्याचं दुसरं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली, आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "नाडी एकदम मस्त हाय यांची. यांच्यात काही खराबी नाही." एवढं बोलून ती परत दाराशी जाऊन उभी राहिली. एखाद्या पोरीनं सगाईत असं काही केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"गंगे, पाह्य ना जरा हालवून," लालीबाई काकुळतीनं म्हणाली. "तुह्या हातानं चालन ते."

गंगी राजकुमारपुढे बसली. सेल तर नवा होता. तिनं मनगट हातात घेतलं, आणि तिचा अंगठा आपोआप बाजूच्या चावीवर गेला. चावी बाहेर ओढलेली होती.

आपणच विसरलो का? छे, काटा उडताना तिनं या डोळ्यांनी बघितला होता. मग हे गुपित तिच्या अंगठ्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक? तिनं मान वर केली. दाराशी पुष्पा उभी होती. सगाईतल्या पोरीनं खाली बघावं तशी ती बघत नव्हती. सरळ आजीकडे बघत होती.

ती नजर गंगीला ओळखीची होती. मोटेवर, सरपणाच्या वाटेवर, किती पोरी तशा उभ्या राहिल्या होत्या तिच्यासमोर. परक्यांच्या पोरींची नजर तिनं एका झटक्यात वाचली होती. आणि ही, मांडीवर खेळवलेली, घरातली, तीनदा बोलायला आली होती. एकदा फेटिया, एकदा तूप, एकदा एसटी. गंगीला भर मांडवात जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

अंगठा चावीवरच होता. नुसता दाबायचा अवकाश. काटा उडाला असता, गूळ वाटला गेला असता, लाली तिची विहीण झाली असती. लाली समोरच बसली होती, लाल फेटिया घालून, दोन्ही हात जोडून घड्याळाकडे बघत. आयुष्यात गंगीला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. तिचा अंगठा खरंच एकदा दाबायला गेला. मग तो मागे आला.

"नाही चालत," ती म्हणाली. "लाले, नाही चालत व."

त्यानंतर भांडण झालं नाही. भांडायचं कोणाशी? राजकुमारच्या आईनं नाक मुरडून पाहिलं, पण घड्याळापुढे ते वाया गेलं. बोकड शिजलाच होता म्हणून पंगत बसली. राजकुमार सुरुवातीला नको नको म्हणाला आणि मग त्यानं तीन वेळा मटण घेतलं. लालीबाईनं मात्र फक्त एक बट्टी मोडली. गाडीत चढताना ती म्हणाली, "आपल्या नशिबात नव्हतं गंगे," आणि गंगीचा हात सोडून खिडकीकडे वळली. जत्रेत भेटू असं दर वेळी म्हणायची, ते या वेळी म्हणाली नाही. गाडी फाट्यापर्यंत जाईस्तोवर गंगी तिथेच उभी राहिली.

दुपार कलल्यावर मांडव रिकामा झाला. प्रेमसिंग बाजेवर फेटा काढून बसले होते, गंगी खाली पाय पसरून. पुष्पा उष्टी भांडी गोळा करत होती.

"सेल तं नवाच होता ना?" प्रेमसिंग सहज विचारावं तसे म्हणाले.

गंगी चमकली. "कोणता सेल?"

"परवा टाकून आणला तो. पहिलेपासूनचे सगळे. घडीवाला मले बाजारात भेटते व, बोलघेवडा हाय तुह्यासारखा."

"एवढी वर्षं? मंग बोलले काहून नाही?"

"कायले बोलू? नाईकानं नाही म्हटलं तं दोन तांड्यांचं भांडण होते. घडीच्या घरी भांडाले कोणी जात नाही." त्यांनी खाकरून फेटा झटकला. "आन् मेलेला माणूस घडीनं जित्ता झाला, हे बी कोणाले सांगू?"

गंगी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुष्पाला हाक मारली. "तुले कोणं शिकवलं चावी ओढाले?"

"तूच. लहानपणी मांडीवर घेऊन बसत होती तवा पाहिलं." पुष्पा भांडी ठेवून जवळ आली. तिचे डोळेही भरले होते. "राजकुमार चांगला हाय दादी. मलेच दवाखाना सोडायचा नाही. लालीदादीचं वाईट वाटून राह्यलं मले."

"मलेही." गंगीनं बटव्यातून घड्याळ काढलं, चावी दाबली आणि पुष्पाच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल पडला, पण सोनं तिच्या सावळ्या हातावर छान दिसलं. "घेऊन जा दवाखान्यात. तिथं नाडी पाहाले घडी लागते ना?"

"आन् पुढच्या सगाईले?" प्रेमसिंगनी विचारलं.

"पुढच्या सगाईले पोरीलेच विचारू, तुमच्यासमोर. नाही म्हणाली तं तुम्ही नाही म्हणा. नाईक कायले झाले मंग?"

प्रेमसिंगनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला.

पुष्पा आजीपुढे बसली. "दे हात, तुह्यीच पाह्यतो पहिली." तिनं गंगीच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि काट्याकडे बघू लागली.

"लाली जत्रेले येते का नाही कोणाले ठाऊक," गंगी म्हणाली. "आली तं मी तिले खरं खरं…"

"बोलू नको दादी. मोजता येत नाही."

गंगी गप्प बसली. अंगणात कोंबड्या सांडलेली बट्टी टिपत होत्या, प्रेमसिंग श्वास धरून बघत होते, आणि काटा टपकन उडी मारत, थांबत, पुन्हा उडी मारत पुरा एक फेरा फिरला. नाईकांच्या घरात एवढा वेळ कोणी बोललं नाही असं क्वचितच झालं असेल.

"झालं," पुष्पा म्हणाली. "चालते. चांगली चालते."

गंगीनं हात मागे घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं नातीचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवलं.

"आता तू बोल," ती म्हणाली. "फाट्यावर काय सांगत होती?"